तंबाखूचं नाव, कांद्याचा किडा

संत तुकाराम नगरातल्या बऱ्याच घरांना अजून एक गाव चिकटलेलं आहे. नोकरी पिंपरीत झाली, पोरं इथल्या शाळेत शिकली, पण सातबारा तिकडे. माझ्या शेजारी राहणारी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिचे मामा पिंपरीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढून आता खेड तालुक्यात कांदा करतात. वायसीएम रुग्णालयात डोळे दाखवायला आले की मुक्काम भाचीकडे, आणि मुक्काम म्हटला की वाद. गेल्या खेपेला विषय निघाला फुलकिड्यांचा. मला चहाला बोलावलं होतं, म्हणजे पंच म्हणून. जे बोलणं झालं ते आठवतं तसं देतो. मध्ये माझी लुडबूड आहे, ती वगळून वाचली तरी चालेल.

मामा: मी तुला कांद्याची पात कशाला दाखवली? औषध सांग म्हणून. तू सांगितलंस काय? 'थ्रिप्स टॅबासी, लिंडेमान, 1889.' हे फवारू का पंपात घालून?

भाची: औषधाच्या आधी किडा कुठला ते तर कळायला हवं ना, मामा.

मामा: ते मला बांधावरूनच कळतं. पात चंदेरी-पांढरी पडली, वाकडी व्हायला लागली की थ्रिप्स. हातावर पात झटकली की पिवळे पिवळे कण पळतात. त्याला कॉलेजची पायरी चढावी लागत नाय.

भाची: फुलकिडे आहेत एवढं कळलं. पण जगात फुलकिड्यांच्या सहा हजारांच्या आसपास जाती नोंदल्यात. आपल्या देशातच सातशेहून जास्त. त्यातल्या काही पानं खातात, काही बुरशी खातात, काही तर दुसरे फुलकिडे खातात. हातावर झटकले तर सगळे तुमच्या पिवळ्या कणांसारखेच दिसतील.

मामा: माझ्या कांद्यावर हाय म्हणजे तो कांदाच खाणार. बुरशी खायला तो माझ्या रानात कशाला येईल?

भाची: आणि त्या कांदा खाणाऱ्याचं नाव काय आहे ठाऊक आहे? टॅबासी. म्हणजे तंबाखूचा.

इथे मामांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा फसवणूक उघडकीला आलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला होता.

मामा: बघा! नुकसान माझ्या कांद्याचं, आणि नाव तंबाखूचं? आमच्या आळीतल्या पोरानंसुद्धा बरं नाव ठेवलं असतं.

भाची: लिंडेमानला तो बेसाराबियात, म्हणजे आजच्या मोल्दोव्हाच्या बाजूला, तंबाखूवर सापडला. त्यानं तिथल्या पिकाचं नाव दिलं. चार वर्षांनी, 1893 मध्ये, अमेरिकेत कोलोरॅडोला जिलेट नावाच्या माणसाला तोच किडा कांद्यावर सापडला. त्याला वाटलं नवा आहे, म्हणून त्यानं कांद्याच्या कुळावरून 'अ‍ॅलिआय' असं नाव ठेवलं. मग कळलं की दोन्ही एकच.

मामा: मंग कांद्याचं नाव ठेवायचं की!

भाची: नाही ठेवता येत. जे नाव आधी नियमानं छापून आलं ते टिकतं. प्राण्यांच्या नावांची ही मोजणी 1758 पासून धरतात, लिनिअसच्या पुस्तकाच्या दहाव्या आवृत्तीपासून. 'थ्रिप्स' हे नावही त्याच पुस्तकातलं. नाव चुकीचं सुचवत असलं तरी चालतं, कारण ते वर्णन नाहीच. ती खूण आहे.

मामा: म्हणजे पहिला आला तो मालक. सातबाऱ्यासारखंच. वहिवाट कोणाची का असेना.

मामांची ही कोपरखळी मला आवडली, पण माझं मत भाचीच्या बाजूचं आहे. नावानं किड्याचं खरं रूप सांगावं असा हट्ट धरला, तर दर नव्या माहितीबरोबर नाव बदलावं लागेल, आणि आधीच्या शंभर वर्षांत त्या किड्याबद्दल जे लिहिलं गेलं ते सापडेनासं होईल. भाचीला हे पटवून द्यायला मामांच्याच नोकरीतला दाखला सापडला.

भाची: मामा, स्टोअरच्या खिडकीवर कोणी येऊन 'तो बारका बोल्ट द्या' म्हणालं तर तुम्ही दिला असता?

मामा: हाकलला असता. पार्ट नंबर सांग म्हटलं असतं.

भाची: का? बोल्ट तर डोळ्याला दिसत होता.

मामा: दिसत होता म्हणून काय झालं? दोन बोल्ट शेजारी ठेवले तर एकसारखे दिसतात, आटे वेगळे असतात. चुकीचा गेला तर लाइन बंद पडते.

भाची: मग टॅबासी हा पार्ट नंबर समजा. तो नंबर घेऊन गेलं की किडा पानाच्या आत अंडी घालतो, पिल्लं पातीच्या बेचक्यात दडून रस ओढतात, कोषाच्या दोन अवस्था बहुतेक मातीत काढतात आणि त्या काळात काही खात नाहीत, हे सगळं कळतं. तुम्ही फवारता तेव्हा अंडी पानाच्या आत असतात, कोष मातीत असतात. औषध लागतं ते मधल्यांना. आठवड्यानं पुन्हा पात पांढरी दिसली की तुम्ही म्हणता औषध भेसळीचं होतं.

मामा: भेसळीचं असतंच.

भाची: असेल. पण हे कारणही असेल ना?

मामा थोडे गप्प झाले. मला वाटलं वाद संपला. पण स्टोअरमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला पार्ट नंबरच्या गोष्टीत हरवणं सोपं नाही.

मामा: बरं, पार्ट नंबर मानला. पण आमच्याकडं नंबर बदलला की सर्क्युलर निघायचं. जुना नंबर हा, नवा हा, अमुक तारखेपासून लागू. जुना माल कुठं वापरायचा तेबी लिहिलेलं. सही, शिक्का. तुमच्या शास्त्रज्ञांनी नाव बदललं की माझ्याकडं काय येतं? तुझ्या मामीला विचार, आमच्या घरात आजपर्यंत एकतरी सर्क्युलर आलंय का किड्याचं?

भाची: ते लेखात छापून येतं. नावापुढे कंस बघून सुद्धा कळतं. तुमच्या टॅबासीपुढे लिंडेमानचं नाव उघडं असतं, कारण त्यानं पहिल्यापासून तो थ्रिप्स याच कुळात घातला होता. मिरचीवर 2021 मध्ये आंध्र-तेलंगणात ज्यानं धुमाकूळ घातला त्या पार्व्हिस्पायनसपुढे कार्नीचं नाव कंसात लिहितात. त्यानं 1922 मध्ये तो दुसऱ्या कुळात टाकला होता, नंतर तो थ्रिप्समध्ये आणला गेला. कंस म्हणजेच सर्क्युलर.

मामा: कंस! मी कंस वाचून मिरचीला औषध मारू?

हसायला आलं, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मिरचीची ती गोष्ट भाचीनंच पुढे नेली, आणि तिला नको तिकडे ती गेली. आपल्याकडे मिरचीवर पूर्वीपासून असणारा फुलकिडा म्हणजे स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस. त्याचं वर्णन हूड या अमेरिकी माणसानं 1919 मध्ये दक्षिण भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून केलं. तो कोवळ्या पानांवर बसतो, पानं वरच्या बाजूला वळतात, शेतकरी म्हणतो चुरडा-मुरडा झाला. पार्व्हिस्पायनस हा आग्नेय आशियातला पाहुणा, भारतात त्याची नोंद 2015 मध्ये बंगळुरूला पपईवर झाली. तो फुलांत शिरतो, फुलं गळतात, मिरची धरतच नाही. 2021 च्या हंगामात गुंटूरकडच्या शेतकऱ्यांना 'काळा थ्रिप्स' एवढं दिसलं, आणि जुन्या थ्रिप्सची औषधं त्यांनी दुप्पट-चौपट मारली. किडा हटला नाही, त्याला खाणारे मात्र मेले.

भाची: बघा मामा, नाव वेळेवर पोचलं असतं तर...

मामा: तेच म्हणतोय मी! नोंद 2015 ला झाली ना? मंग सहा वर्षं ते नाव कुठं बसलं होतं? पुस्तकात. गुंटूरच्या माणसाला 'काळा' म्हणून ओळखायला लागलं ते पीक गेल्यावर. नाव ठेवणारा आणि पीक घालवणारा यांच्यात गाडीच सुटत नाय तुमची.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. तिनं खेळी बदलली.

भाची: नाव चुकलं तर काय होतं ते सांगू? तुम्ही पूर्वी भुईमूग करायचात. शेंडेमर आठवते?

मामा: न आठवायला काय झालं? शेंडा करपायचा, झाड खुरटायचं. दोन-तीन हंगाम गेले त्यात.

भाची: तो विषाणूचा रोग. फुलकिडे तो पसरवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये 1980 च्या आसपास ठरलं की हा टोमॅटोच्या ठिपक्यांचा विषाणू आहे, आणि पसरवणारे दोन: फ्रँक्लिनिएला शुल्झी आणि आपला तो मिरचीवाला स्किर्टोथ्रिप्स. मग 1990 च्या सुमारास कळलं की मुख्य गुन्हेगार तिसराच आहे, थ्रिप्स पाल्मी. आणि 1992 मध्ये विषाणूही वेगळाच निघाला.

मामा: दहा वर्षं चुकीच्या माणसाला धरलं म्हणायचं.

भाची: हो. आणि हे चुकणारे आळशी नव्हते. एक मिलिमीटरचा किडा, त्यावरचे केस मोजून ठरवायचं. पाल्मीच्या डोक्यावर दोन डोळ्यांमध्ये जे तीन साधे बारके डोळे असतात त्यांचा रंग तांबडा. तुमच्या टॅबासीचे करडे. दोघांच्या मिशांना सात-सात पेरं. शिवाय पोटाच्या कडेला केसांच्या ओळी बघायच्या. हे नुसत्या भिंगानं होत नाही. आधी किडा कॉस्टिक सोड्यात ठेवून आतलं मांस काढतात, मग अल्कोहोलच्या पायऱ्या, मग लवंगेचं तेल, शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात पंख पसरून काचेवर.

मामा: लवंगेचं तेल? दाढेला लावतो ते?

भाची: तेच.

मामांना ही माहिती इतर सगळ्या माहितीपेक्षा पसंत पडली. एवढ्या बारक्या जिवासाठी घरातल्या बाटलीतलं तेल लागतं, यात त्यांना काहीतरी प्रामाणिक वाटलं असावं.

'पाल्मी' हे नाव पाम नावाच्या माणसाचं आहे, सुमात्रात कीटक जमवणाऱ्या एका अभ्यासकाचं. कार्नीनं 1925 मध्ये ते दिलं. ताडामाडाशी त्याचा काही संबंध नाही, तरी इंग्रजीत त्याला ताडाचा थ्रिप्स म्हणणारे भेटतात. मामांनी हे ऐकून एवढंच विचारलं की त्या पामनं भुईमूग कधी पेरला होता का. म्हणजे ज्याच्या नावानं किडा ओळखायचा त्याला त्या पिकाची काळजी असावी, ही त्यांची साधी अट.

पण मामांची स्वतःची पद्धत काय आहे, हेही पाहण्यासारखं आहे. बोलता बोलता ते म्हणाले, औंदा काळा करपा कमी होता, जांभळा करपा जास्त होता, आणि तपकिरी करपा शेवटी शेवटी आला. तीन बुरशी, तीन नावं, प्रत्येक नावात दोन शब्द. 'करपा' हे कूळ, त्याआधीचा रंग ही जात. जांभळ्याची बुरशी आल्टर्नेरिया, काळ्याची कोलेटोट्रायकम, तपकिरीची स्टेम्फिलियम. शेतकऱ्यानं लिनिअस न वाचता दोन शब्दांची पद्धत उभी केली होती. मी हे म्हटल्यावर भाचीला आनंद झाला आणि मामांना संशय आला की आपल्याला गुंडाळलं जातंय.

मामा: फरक हाय, गुरुजी. जांभळा करपा म्हटलं की राजगुरुनगरपासून नारायणगावापर्यंत सगळ्यांना कळतं. टॅबासी म्हटलं की माझ्या घरातसुद्धा कळत नाय.

भाची: पण जांभळा करपा म्हटलं की कर्नाटकात कळत नाही, आणि ब्राझीलमध्ये तर नाहीच. टॅबासी दोन्हीकडे कळतो. राजगुरुनगरचंच घ्या. तुमच्या गावावरून चाकणच्या बाजारात कांदा नेताना कांदा-लसूण संशोधन संचालनालय लागतं ना?

मामा: लागतं की. 1998 पासून तिथं हाय. भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण, सगळी बियाणं त्यांचीच. नावं बघ, नदीचं नाव! कुणालाही कळतं.

भाची: त्यांनीच सांगितलंय ना की रोपामागे 30 फुलकिडे होईपर्यंत फवारू नका?

मामा: सांगितलंय. कडेला मक्याच्या दोन ओळी आणि आत गव्हाची एक लावा, लागणीच्या महिनाभर आधी. मी केलं. फरक पडला. त्यात कुठं लॅटिन आलं?

भाची: लॅटिन त्या 30 च्या आत आहे. ते 30 कुठल्या किड्याचे मोजले? टॅबासीचे. उद्या कांद्यावर दुसरा आला, जो विषाणू जास्त पसरवतो, तर 30 आकडा चालेल का? 10 लागेल की 50? जालना-नाशिककडे कांद्याच्या विषाणूची, आयरिस यलो स्पॉटची, नोंद 2006 मध्ये झाली. तो मुख्यतः टॅबासीच पसरवतो. तोही सहज नाही. पिल्लू असताना विषाणू पोटात गेला तरच मोठेपणी तो पसरवू शकतो. मोठ्यानं रोगट पात खाल्ली तर काही होत नाही. एवढं कळायला किडा नेमका कोण, हे ठरलेलं लागतं.

मामा यावर काही बोलले नाहीत. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना जवळचं काही नीट दिसत नव्हतं, त्यामुळे भाचीच्या मोबाइलवरचा फोटो त्यांनी हात लांब करून पाहिला. फुलकिड्याचे पंख म्हणजे एक दांडा आणि दोन्ही बाजूंना झालर. तोंडात जबडा एकच, डावा. उजवा अंड्यातच खुंटतो. मामा म्हणाले, देवानं अर्धवट सोडलेला दिसतोय. भाची म्हणाली, अर्धवट नाही, एकाच जबड्यानं भोक पाडून रस ओढायचं काम पुरतं.

मग ती आणखी बारक्या प्राण्यांकडे वळली. तिचा स्वभावच तो. फुलकिड्यांच्या अंड्यात आपली अंडी घालणारी मेगाफ्रॅग्मा नावाची गांधीलमाशीची भावंडं असतात. लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग, काही एकपेशी जिवांपेक्षाही लहान. एका जातीच्या मेंदूत सुमारे 7,400 चेतापेशी, आणि मोठेपणी त्यांतल्या बहुतेक पेशींना केंद्रकच उरत नाही. त्याहून मजेशीर नाव एका दुसऱ्या बारक्या परजीवी माशीचं. कोस्टा रिकात सापडली, 2013 मध्ये नाव ठेवलं टिंकरबेला नाना.

मामा: नाना? आमच्या वाडीचा नाना?

भाची: परीकथेतली परी आणि तिच्या गोष्टीतला कुत्रा.

मामा: मंग नानाला सांगू नको. त्याला वाटेल शास्त्रज्ञांनी सत्कार केला.

या बारक्या नावांना मी गंमत म्हणणार होतो, पण मामांनी वेगळाच प्रश्न टाकला. 'ती फुलकिड्याच्या अंड्यात अंडी घालणारी बारकी माशी माझ्या फवारणीत मरते का?' भाची म्हणाली, मरते. 'मंग माझ्या रानात ती किती होती, हे मोजलंय कुणी?' नाही, तिच्या माहितीत तरी नाही. 'म्हणजे नाव नाय तो मेला तरी हिशोबात नाय.' मामांनी हे कुठलंही तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नाही. स्टोअरमध्ये नोंद नसलेला माल चोरीला गेला तर तक्रारच करता येत नाही, हा त्यांचा अनुभव. पण नाव ठेवण्याच्या बाजूचा यापेक्षा जोरकस मुद्दा भाचीनं दिवसभरात मांडला नव्हता.

त्यावर मला पिंपरीचंच एक नाव सांगावंसं वाटलं. इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची कंपनी. 1954 मध्ये सुरू झाली, सगळे तिला एच.ए. म्हणतात. तिथे एम. जे. तिरुमलाचार या बुरशीच्या अभ्यासकानं आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जंतूपासून बुरशीवरचं औषध शोधलं, साधारण 1961 मध्ये. औषधाला नाव दिलं हॅमायसिन, त्यात एच.ए. दिसतं. आणि जंतूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना.

मामा: पिंपरीचा?

मी: पिंपरीचा.

मामा: आयला, मी तीस-पस्तीस वर्षं इथं काढली, मला कुणी सांगितलं नाय. त्यांचीच स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी मी डाळिंबाला आणायचो.

भाचीलाही हे ठाऊक नव्हतं, पण तिनं लगेच हिशोब मांडला: पिंप्रिना म्हटलं की पिंपरीचं नाव जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात पोचतं. मामा म्हणाले, पोचलं तरी महापालिकेला पोचलं नसेल, नाहीतर चौकात फलक लागला असता. इथे तिघांचं एकमत झालं, अगदी थोडा वेळ.

नंतर भाचीनं टॅबासीची आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मामांची तक्रार जरा वेगळी दिसायला लागली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीएनए तपासून लोकांना टॅबासीच्या आत तीन वंश दिसलेत. दोन कांदा-लीकच्या कुळात रमणारे, एक तंबाखूवरचा. तंबाखूवाला कांद्यावर नीट वाढत नाही. कांद्यावरच्या काही वंशांत नर नसतातच, माद्यांपासून माद्याच होतात. समजा, उद्या कोणी ठरवलं की या वेगळ्या जाती आहेत. लिंडेमाननं वर्णन केलेला तंबाखूवरचा, म्हणून 'टॅबासी' नाव त्याच्याकडे जाईल. कांद्यावरच्याला जुनी नावं धुंडाळावी लागतील, आणि त्या यादीत जिलेटचं 1893 चं 'अ‍ॅलिआय' पुढे येऊ शकतं.

मामा: म्हणजे कांद्याला कांद्याचं नाव मिळेल.

भाची: मिळू शकेल. पण त्यासाठी तुमच्या रानातले किडे लागतील. चाकणच्या आसपासचे. मला नमुना द्याल?

मामा: मंग राजगुरुनगरलाच देतो, वाटेत हाय. कशात द्यायचे? सॅनिटायझर चालेल? घरात कोरोनापासूनच्या बाटल्या पडल्यात.

भाची: जेल नको. स्पिरिट द्यायला सांगते, डीएनएसाठी कडक, पंचाण्णव टक्के. आणि बाटलीत चिठ्ठी टाका, शिसपेन्सिलीनं लिहा, शाई विरघळते. गाव, पीक, तारीख, जमा करणाऱ्याचं नाव.

मामा: आणि फवारणी कुठली केली, किती दिवसांपूर्वी केली, ते?

भाची: ते लेबलवर नसतं. त्याला रकाना नाही.

मामा: मंग रकाना कर. औषध मारल्यावर जे जगले तेच बाटलीत येणार. मेलेले कुठले होते ते तुझ्या पार्ट नंबरला कसं कळणार?

भाचीनं पेन्सिल उचलून चिठ्ठी उलटी केली आणि विचारलं, शेवटची फवारणी कधी झाली.